उजवीकडच्या कपाटाची काच शाबूत राहिली त्याबाबत

जबाब देणाऱ्याचे नाव: शहाता अब्दुल-गव्वाद अल-बरमावी.
वय: अठ्ठावन्न पूर्ण.
धंदा: नोकरी. मुलींच्या माध्यमिक शाळेत पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा सांभाळणे.
राहणार: मीत गम्र, कालव्यापलीकडे, लोहारांच्या मशिदीमागे, दुसरा मजला.
दिनांक: बुधवार, रमजानचा बारावा रोजा. जबाबास सुरुवात दुपारी ४ वाजून २० मिनिटांनी.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, मला कोणी बोलावलेले नाही. मी आपल्या पायांनी आलो आहे. त्यातला डावा पाय सध्या बुटात मावत नाही म्हणून चपलेत आहे. त्याचे कारण पुढे येईल आणि ते या प्रकरणात महत्त्वाचे आहे.

मी सव्वीस वर्षे प्रयोगशाळा सांभाळतो. तिथली प्रत्येक वस्तू माझ्या नावावर आहे, म्हणजे माझ्या ताब्यात आहे. काही फुटले तर चौकशी माझी. त्यामुळे सगळ्या देशात माझ्या हुद्द्याची माणसे जे करतात तेच मी केले. कपाटाला कुलूप लावले आणि किल्ली कमरेला बांधली. वर्षातून एकदा तपासनीस येतात, काचेतून वस्तू मोजतात, चहा पितात आणि 'उत्तम' असा शेरा मारून जातात. सव्वीस वर्षांत माझ्याकडे एक परीक्षानळीसुद्धा फुटली नाही. याचा मला आज सकाळी दहा वाजून बावन्न मिनिटांपर्यंत अभिमान होता. एकही वस्तू वापरली गेली नाही हे लिहायला मात्र त्या रजिस्टरात रकाना नाही.

वस्तू क्रमांक २१४ एकोणीस वर्षांपूर्वी आली. केंद्राकडे ओढणारे बल मोजायचे साधन असे तिच्या खोक्यावर लिहिले आहे. त्यात वीतभर लांबीची एक नळी आहे, नळीतून ओवलेली दोरी आहे, दोरीच्या वरच्या टोकाला रबरी बूच आणि खालच्या टोकाला लोखंडी वजनांच्या चकत्या. नळी मुठीत धरून हात वर करायचा आणि बूच डोक्यावर गरगर फिरवायचे. खाली लोंबणारी वजने दोरी खाली ओढतात, म्हणजेच वरचे बूच आत, नळीकडे ओढतात. किती वजनाला किती वेगाने फिरवावे लागते ते घड्याळ लावून मोजायचे. हे सगळे मला आज माहीत आहे. काल विचारले असते तर मी फक्त नग किती ते सांगितले असते.

मिस इब्तिहाल या सप्टेंबरात पदार्थविज्ञान शिकवायला नव्या आल्या. वय सत्तावीस असावे. आल्या दिवसापासून त्या माझ्याकडे किल्ली मागत होत्या. मी कधी म्हणायचो मुख्याध्यापिकांची चिठ्ठी आणा, कधी म्हणायचो कुलूप गंजले आहे, एकदा तर म्हणालो की किल्ली घरी राहिली, आणि ती तेव्हा माझ्या कमरेला खुळखुळत होती. काल त्यांनी स्वतः न येता आपल्या वर्गातली एक मुलगी पाठवली. तिचे नाव रुवैदा हमदी, वय सोळा. तिचा बाप उस्ता हमदी अॅल्युमिनियमच्या कारखान्यात फिरत्या साच्यावर पातेली घडवतो. आमचे बोलणे झाले ते असे.

ती म्हणाली, "काका, ते गोल फिरवायचं साधन द्या ना."

मी म्हणालो, "ते देण्यासाठी नाही. सांभाळण्यासाठी आहे."

"तुम्ही कधी फिरवून पाहिलंत?"

"माझं काम फिरवायचं नाही पोरी, सांभाळायचं."

"मग सांभाळताय कशासाठी?"

यावर मला राग आला आणि रागाच्या भरात मी 'बरं, उद्या' असे म्हणून बसलो. मी कपाट उघडायला कबूल झालो तो असा. त्या मुलीने किल्ली चोरली नाही, मागूनसुद्धा तिच्या हातात गेली नाही. कपाट मी माझ्या हाताने उघडले. हे वाक्य ठळक लिहावे.

आज सकाळी साडेनऊ वाजता मी खोके उघडले. रबरी बूच बोटाने दाबताच त्याचा भुगा झाला. नवीन सहा बुचांचे पाकीट खणात होते, पण ते मोहरबंद होते आणि मोहरबंद पाकीट मी फोडत नाही. म्हणून मी लंबकाचा पितळी गोळा काढून दोरीला बांधला. दोरी पिवळी पडली होती. मिस इब्तिहाल म्हणाल्या, "काका, जुनी वाटतेय हो दोरी. बाजारातून आणू का एक?"

मी म्हणालो, "माझ्या कपाटात काही जुनं होत नाही मिस, ठेवलं तसं राहतं."

दोरी मी एकदा ओढून पाहिली, पण तिला दुखू नये इतक्या बेताने ओढली. गोळा माझा, दोरी माझी, गाठ माझी आणि बढाईही माझीच.

तास १० वाजून ४० मिनिटांनी सुरू झाला. मुली एकतीस. पंखा बंद होता म्हणून गल्लीकडची खिडकी सताड उघडी होती. रुवैदा खोलीच्या मध्यावर खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिच्या उजव्या हाताला माझे कपाट. मी तिच्या डाव्या बाजूला जरा वाकून उभा होतो, कारण लोंबणाऱ्या वजनांचे नग माझ्या नावावर होते आणि एकही घरंगळून जाऊ नये म्हणून मी हातांची ओंजळ करून होतो. नजर मात्र समोर, कपाटाच्या काचेवर. ती हात वर करून गोळा फिरवत होती. पाठीमागून उजवीकडे, उजवीकडून समोर, समोरून डावीकडे असा तो फिरत होता. दर फेरीला तो माझ्या कपाटाकडे रोखला जायचा आणि दर फेरीला माझा जीव खालीवर व्हायचा.

तीन चकत्या लावल्या तेव्हा दहा फेऱ्यांना नऊ सेकंद लागले. सहा लावल्या तेव्हा साडेसहाच्या आत झाल्या. आधी मुली खिदळत होत्या, मग एकेक करून गप्प झाल्या आणि आकडे लिहायला लागल्या. प्रयोगशाळेत इतकी शांतता मी सुट्टीच्या दिवशीच ऐकली होती. रुवैदा फिरवता फिरवता म्हणाली, "मिस, हाताला वाटतंय गोळा बाहेर पळतोय. पण मी तर त्याला आत ओढतेय."

मिस म्हणाल्या, "हात खरं बोलतोय, फक्त अर्धं सांगतोय. तू ओढतेस म्हणून तो वळतो. नाही ओढलंस तर तो वळणार नाही."

"मग आत येऊन नळीवर का नाही आपटत?"

"कारण सगळी ओढ वळण्यातच खर्च होते. आता सांगा बघू, सोडला तर कुठे जाईल?"

सगळ्या वर्गाने एका सुरात सांगितले, "बाहेर! तारेच्या ठिणग्यांसारखा!" मी मोठ्याने बोललो नाही, पण माझेही उत्तर तेच होते. रमजानात उपास सुटला की आमच्या गल्ल्यांतली पोरे भांडी घासायची तारेची घासणी पेटवून तारेने गरागरा फिरवतात. मीही लहानपणी फिरवली आहे. ठिणग्या फुलासारख्या चहूकडे बाहेर उडतात, आम्ही सगळे तेच बघत मोठे झालो.

एकटी रुवैदा म्हणाली, "नाही. माझा भाऊ आमच्या दारासमोर फिरवतो. ज्याच्याकडे हात रोखलेला असतो त्याचा शर्ट कधी जळत नाही, बाजूला उभा असतो त्याचा जळतो. सोडून दाखवू का?"

हे 'सोडून दाखवू का' बाकी तीस मुलींनी ऐकले आणि मीही ऐकले. मी ते लपवत नाही. पण त्याच्या पुढचेही ऐकले. मिस म्हणाल्या, "पितळ आहे बाई ते! मुळीच सोडायचं नाही." आणि रुवैदा म्हणाली, "नाही सोडत, मिस." तिने सोडला नाही. दोरी तुटली.

पुढचे मी सावकाश सांगतो, पाशांनी, म्हणजे ठाण्याच्या साहेबांनी, तसेच लिहून घ्यावे. वेळ १० वाजून ५२ मिनिटे. गोळा तिच्या उजवीकडे होता, नेमका माझ्या कपाटाकडे रोखलेला. त्याच क्षणी सहाही चकत्या माझ्या ओंजळीला चुकवून डाव्या पायाच्या अंगठ्यावर पडल्या. दोरी तुटल्याशिवाय वजने पडत नाहीत. म्हणजे माझ्या अंगठ्यावर वजने पडली तोच दोरी तुटण्याचा क्षण आणि त्या क्षणी गोळा कुठे होता ते मी पाहत होतो. मी डोळे मिटले. काच फुटल्याचा आवाज आला. पण तो कपाटातून आला नाही, खाली गल्लीतून आला. डोळे उघडले तर कपाट जसेच्या तसे. मला आनंद झाला. मुलगी पांढरीफटक पडली होती, खाली कोणाला लागले की काय हे अजून कोणाला माहीत नव्हते, आणि मला कपाट वाचल्याचा आनंद झाला. याची मला लाज वाटते.

खाली गल्लीपलीकडे डॉक्टर वगीह यांचे औषधांचे दुकान आहे. गोळा त्यांच्या दर्शनी काचेतून आत गेला. कोणाला इजा झाली नाही. डॉक्टर पाच मिनिटांत वर आले. रुवैदाला पाहताच ते म्हणाले, "हीच ती! मला वाटलंच होतं!" त्यांचा राग जुना आहे. चार दिवसांपूर्वी तिचा भाऊ त्यांच्या दुकानापुढे घासणी फिरवत होता, ठिणग्यांनी काचेवर डाग पडले, डॉक्टरांनी पोराचा कान पिळला. तेव्हा रुवैदा भर गल्लीत म्हणाली होती, "काच काय, आज आहे उद्या नाही." हे वाक्य आता तक्रारीत आहे. डॉक्टरांनी असेही लिहून दिले आहे की ते दुकानाच्या दारात उभे होते, मुलीने हात आपल्या काचेकडे रोखला आणि रोखल्याबरोबर गोळा सोडला, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

मुख्याध्यापिकांनी मला बाजूला घेतले. म्हणाल्या, "शहाता काका, तुमची चौदा महिने नोकरी उरलीय. मुलीने न विचारता साधन घेतलं एवढंच लिहून द्या. पोर आहे, समज देऊन सोडतील. तुम्ही सुटाल, शाळा सुटेल." मी मान हलवली. होय म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मी तेव्हा स्वतःलाही विचारले नाही.

मग उस्ता हमदी आला. कारखान्याच्या कपड्यांतच होता, मनगटापर्यंत हात राखाडी. त्याने मुलीवर हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. जिन्यात तिला एवढेच म्हणाला, "पोलिसाच्या कागदावर नाव आलं. झालं. उद्यापासून घरी. शास्त्र घेऊन काय केलंस ते दिसलं सगळ्यांना."

ती म्हणाली, "बाबा, मी सोडला नाही."

"मग तो गेला कसा खिडकीतून? तू खिडकीसमोरच उभी होतीस ना?"

माझ्याशी वाद घालणारी मुलगी यावर मान खाली घालून जिना उतरू लागली. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर झाडू घेऊन उभा होतो आणि मला उत्तर माहीत होते. म्हणजे अर्धे माहीत होते. गोळा कपाटाकडे रोखलेला असताना सुटला हे माहीत होते. तो खिडकीतून का गेला हे माहीत नव्हते.

शाळा सुटल्यावर १ वाजून ४० मिनिटांनी मी प्रयोगशाळेचे दार आतून लावले. मोहरबंद पाकीट फोडले. सव्वीस वर्षांतले हे पहिलेच. बुचाला सुतळी बांधली, मुलगी उभी होती तिथे उभा राहिलो आणि डोक्यावर फिरवले. ओढ हाताला कळते. पाशा, ती खरोखर कळते. सुतळी ताणलेली असते आणि आपण बूच क्षणाक्षणाला आपल्याकडे वळवत असतो. कपाटाकडे हात रोखला तेव्हा सुतळी सोडली आणि सवयीने डोळे मिटले. काचेचा आवाज नाही. बूच खिडकीतून बाहेर. पुन्हा केले, पुन्हा खिडकीतून. सहापैकी पाच बुचे अशी गेली. चार खाली गल्लीत सापडली, एक लिंबाच्या झाडात आहे. उजवीकडे पोचलेला गोळा उजवीकडे चाललेलाच नसतो, तो समोर चाललेला असतो. आपण त्याला आत ओढून वळवत असतो म्हणून तो गोल फिरतो. ओढ सुटली की तो तसाच सरळ पुढे जातो. बाहेर ढकलणारे कोणी नसतेच. हे एकोणीस वर्षे माझ्या कपाटात खोक्यात होते आणि मी त्याला कुलूप लावून बसलो होतो. मी तिथेच स्टुलावर बसलो. मला रडू आले आणि हसूही येत होते. रोजा असल्यामुळे पाणीही पिता येत नव्हते.

यानंतर मी घरी न जाता इथे आलो.

विचारले असता सांगतो की: होय, मला मुलीच्या नात्यात कोणी नाही. नाही, मला कोणी शिकवून पाठवलेले नाही. पाशांनी म्हणजे बहाउद्दीन साहेबांनी मला विचारले, "काका, कपाटाकडे रोखलेली वस्तू खिडकीतून जाते? रोजा लागलाय का तुम्हाला?" मी सांगितले की लागला आहे, पण त्यामुळे नाही. साहेब म्हणाले, "डॉक्टर म्हणतात काचेकडे रोखला आणि सुटला. तुम्ही म्हणता कपाटाकडे रोखला आणि काचेला लागला. मी शाळेत वाङ्मय घेतलं होतं. मला डॉक्टरांचं पटतं." मी म्हणालो, मलाही काल पटले असते.

इथे सूर्यास्ताची, मगरिबची अजान झाल्याने लेखन थांबवले. पुन्हा सुरू ७ वाजून ५ मिनिटांनी. मधल्या वेळेत ठाण्याच्या अंगणात जे घडले ते साहेबांच्या सांगण्यावरून याच जबाबात घालतो.

सर्वांनी खजूर आणि जर्दाळूचे सरबत घेऊन उपास सोडला. साहेबांनी सगळ्यांना बोलावून घेतले होते. बाकावर एका टोकाला डॉक्टर वगीह होते, दुसऱ्या टोकाला रुवैदा, तिचा बाप आणि मिस इब्तिहाल. साहेबांनी सरबताचा दुसरा पेला घेतला आणि एकदम म्हणाले, "मुली, दाखव बघू मला. पण पितळ नको."

ठाण्यात फरशी पुसायचे फडके होते. रुवैदाने ते भिजवून त्याची गाठ मारली आणि ठाण्यातल्याच एका दोरीला बांधले. मग ते तिने साहेबांच्या हातात दिले. ती म्हणाली, "मी केलं तर म्हणाल मुद्दाम केलं. तुम्हीच करा, पाशा. फाटकाकडे तोंड करा. उजवीकडून समोर असं फिरवा आणि दोरी बरोबर फाटकाकडे रोखली की सोडा. डॉक्टरांनी पाहिलं तसंच."

साहेब म्हणाले, "म्हणजे फाटकाला लागायला पाहिजे."

"डॉक्टरांचं खरं असेल तर."

डॉक्टर म्हणाले, "लागणारच. डोळे आहेत मला." आणि ते फाटकापासून दूर, साहेबांच्या डाव्या हाताला भिंतीशी जाऊन उभे राहिले. तिथे उभे राहू नका असे रुवैदाने त्यांना दोनदा सांगितले. ते म्हणाले, "आता हीही मला शिकवणार!"

साहेबांनी बाही सरसावली, चार फेऱ्या दिल्या, दोरी फाटकाकडे रोखली आणि सोडली. ओले फडके डॉक्टरांच्या छातीवर बसले.

मग पहाऱ्यावरचा शिपाई हसला आणि साहेबांनी त्याच्याकडे पाहिल्यावर तो खोकला. साहेब डॉक्टरांना म्हणाले, "माफ करा, हात चुकला माझा." त्यांनी पुन्हा फिरवले, या वेळी एक डोळा मिटून, पुन्हा फाटकाकडे रोखून सोडले. डॉक्टर तोवर दोन पावले सरकले होते म्हणून फडके भिंतीवर, ते मघाशी उभे होते तिथेच लागले. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी स्वतः फडके मागून घेतले. त्यांनीही फाटकाकडे रोखले आणि त्यांचेही डावीकडच्या भिंतीलाच गेले. भिंतीवर तीन ओले डाग एकमेकांशेजारी होते. मी वाकून मोजले, सवय आहे.

डॉक्टरांनी आपला ओला शर्ट झटकला. मग म्हणाले, "पण मी पाहिलं हो. मला खरंच तसं दिसलं."

मिस इब्तिहाल म्हणाल्या, "डॉक्टर, माझ्या एकतीसपैकी तीस मुलींनाही तसंच वाटलं होतं. काच फुटलेली दिसली की मन मागे जाऊन हात तिकडे रोखलेला बघतं."

साहेबांनी मला विचारले, "म्हणजे काचेकडे रोखून सोडला असता तर?"

मी सांगितले, "तर डावीकडच्या फळ्यावर आपटला असता. काचेला लागायचं असेल तर कपाटाकडे रोखलेला असताना सुटायला हवा. आणि माझा अंगठा साक्षीला आहे." मी चप्पल काढून दाखवला. साहेबांनी तो पाहिला आणि निळाकाळा आहे अशी नोंद घेतली. मग टेबलावरची तुटलेली दोरी उजेडात धरून पाहिली. टोकाला धागे विसकटले होते. त्यांनी उरलेली दोरी दोन बोटांनी ओढली आणि ती पुन्हा तुटली. ते म्हणाले, "काका, ही तर शेवईसारखी आहे." मी म्हणालो, "होय पाशा. एकोणीस वर्षे सांभाळली मी तिला."

डॉक्टर वगीह यांनी नंतर लेखनिकांच्या टेबलावर जाऊन आपल्या तक्रारीतले 'हेतुपुरस्सर' आणि 'नेम धरून' हे शब्द स्वतः खोडले आणि बाजूला सही केली. काचेचे शाळेशी बोलून घेईन म्हणाले. बाहेर येऊन ते रुवैदाला म्हणाले, "ठिणग्यासुद्धा अशाच जातात का गं?"

"अशाच. एकेक ठिणगी सरळ जाते. इतक्या असतात म्हणून फूल दिसतं."

"म्हणजे डाग पडले तेव्हा तुझा भाऊ माझ्या काचेकडे हात रोखत नव्हता."

"नाही. तो पलीकडे रोखत होता. तुमचं दुकान बाजूला होतं." मग ती म्हणाली, "मी तेव्हा जे बोलले ते वाईट बोलले, डॉक्टर. चूक झाली."

डॉक्टर म्हणाले, "त्याला म्हणावं नदीकाठी फिरव. आणि घासणी माझ्याकडून घेऊन जा म्हणावं, बारीक तारेची आहे."

उस्ता हमदी भिंतीजवळ गेला आणि एका डागावर बोट ठेवून म्हणाला, "माझ्या साच्यावर पत्र्याला साबण लावावा लागतो. तो उडतो. मी साच्याच्या अगदी समोर उभा असतो, मला लागत नाही. सगळा छतावर जातो. बावीस वर्षं मी छत पुसतोय." मग तो मुलीकडे वळला. "हे शाळेत शिकवतात?"

"हेच शिकवतात, बाबा."

"का उडतो ते पण?"

"का ते पण. किती वेगाने ते सुद्धा मोजता येतं. मी काढून देते तुम्हाला."

त्याने आपले हात पाहिले, ते शर्टाला पुसले आणि खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. शाळेतून नाव काढण्याचा तो अर्ज होता, दुपारीच लिहून घेतलेला. तो त्याने कोणाला दिला नाही आणि फाडलाही नाही. त्याने तो उलटा केला, कोरी बाजू वर करून मुलीपुढे धरला आणि म्हणाला, "काढ. साच्याचा व्यास हातभर आहे." मिस इब्तिहाल यांनी आपले पेन दिले. जबाब लिहून होईपर्यंत ती मुलगी बाकावर बसून गणित करत होती आणि बाप शेजारी उभा राहून बघत होता.

विचारले असता शेवटी सांगतो की: या घटनेत दोष कोणाचा असेल तर तो माझा आहे. मुलीचा नाही, मिस इब्तिहाल यांचा नाही. शाळेने चौकशी लावली तर मी हेच सांगेन आणि चौदा महिने कमी झाले तर होवोत. कपाटाची किल्ली मी आज साहेबांच्या समोर मिस इब्तिहाल यांना दिली आहे. कमरेला हलके वाटते, सवय व्हायला दोन दिवस लागतील.

वर लिहिलेले लेखनिकांनी मला सुरुवातीपासून वाचून दाखवले. दोन ठिकाणी त्यांनी 'बाहेर' लिहिले होते, ते मी 'सरळ' असे करून घेतले. बाकी मी बोललो तेच आहे आणि ते खरे आहे.

सही: शहाता अब्दुल-गव्वाद
समक्ष: बहाउद्दीन, ठाण्याचे अधिकारी

सहीनंतर साहेबांच्या परवानगीने माझ्या हाताने वाढवलेले: जप्त केलेला पितळी गोळा, एक नग, शनिवारपर्यंत परत मिळावा ही विनंती. सुट्टी संपून रविवारी शाळा भरली की तिसऱ्या तासाला दुसऱ्या तुकडीला लागणार आहे. दोरी ठाण्याकडे येताना बाजारातून नवीन घेतली आहे. मी स्वतः अंगाचा भार टाकून ओढून पाहिली आहे.